किडनी ट्रान्सप्लांटनंतरचा ‘साधा खोकला’: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती ताप येण्याची वाट बघत बसण्याची चूक. आमच्या भावाचं तेच झालं. ट्रान्सप्लांटला पाच महिने झालेले, गणपतीला गावी आला. कोरडा खोकला होता, ताप नव्हता. पावसाळी हवा म्हणून आम्ही काढा पाजत राहिलो. ओटीवर बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६ दाखवायचा. एक दिवस पाखाडी चढून वर आला, तर तोंडातून शब्द फुटेना. बोटाला लावला, ८७. प्रेडनिसोलोन (ट्रान्सप्लांटनंतर देतात ते स्टिरॉइड) चालू असताना ताप दबून राहतो, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. तेव्हा खोकला असेल तर बसून नाही, चार पावलं चालवून ऑक्सिजन बघा.

एक्स-रे जवळजवळ स्वच्छ आला. निघालं न्यूमोसिस्टिस, म्हणजे फुप्फुसातली बुरशी. सीटी स्कॅनवर दिसली. ती होऊ नये म्हणून पहिले निदान ३ ते ६ महिने को-ट्रायमॉक्साझोल देतात. याने ‘किती गोळ्या गिळायच्या’ म्हणत नेमकी तीच सोडलेली! मग तेच औषध मोठ्या डोसात २१ दिवस घ्यावं लागलं. पुरळ उठलं, पोटॅशियम वाढलं तर डॉक्टरांना सांगा, पर्यायी औषधं असतात.

मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची, रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, किडनीलाच त्रास होतो. टीबीवरच्या रिफॅम्पिसिनने उलट ती इतकी उतरते की रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची भीती. आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही, पण त्याच्या गोळ्याही ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करायच्या. माटवीला (गणपतीवरच्या फळापानांच्या चौकटीला) टांगलेलं पपनससुद्धा पातळी वाढवू शकतं, ते बाकीच्यांनी खावं. आणि इन्फेक्शन झालं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं, हा तर किडनी घालवायचा रस्ता.

गणपतीआधी माळा झाडणं, ओला पेंढा उपसणं, शेणखत ओढणं ही कामं दुसऱ्याने करावीत. ॲस्परजिलस ही बुरशी त्या धुळीत असते, नोकार्डिया हे जंतू मातीत; दोन्ही फुप्फुसात शिरतात. मास्क लावून करतो म्हणेल, करू देऊ नका.

टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायची असेल तर रक्त सकाळच्या गोळीआधी द्या. भाऊ एकदा गोळी घेऊन एसटीने तालुक्याला गेला, रिपोर्ट भलताच चढा आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच एसटी. आता गोळी खिशात ठेवतो, रक्त दिलं की लॅबच्या बाकावरच घेतो.