पहिला सर्व्हर आणि अर्धवट ‘नमस्कार’

नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) पहिला सर्व्हर लिहायचाय? एक्सप्रेस वगैरे तयार फ्रेमवर्कच्या नादी नंतर लागा. आधी नोड टाका, एक रिकामी फाइल उघडा आणि त्यात नोडचंच ‘एचटीटीपी’ मॉड्यूल (तयार कोडचा संच) घ्या. ‘क्रिएटसर्व्हर’ला एक फंक्शन द्यायचं, रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी) आली की ते चालतं. शेवटी ‘लिसन’ला पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) ३०००. फाइल चालवा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच संगणक), कोलन, ३००० टाका. झालं. अनोळखी पत्त्याला स्टेटस ४०४ (‘सापडलं नाही’) पाठवा, तेवढी शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

खरी गंमत मराठीत उत्तर देताना. मी ‘नमस्कार’ पाठवला, तर स्क्रीनवर नुसता कचरा. उत्तरासोबत हेडर, म्हणजे माहितीच्या ओळी जातात; त्यातल्या कंटेंट-टाइपमध्ये ‘चारसेट यूटीएफ-८’ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) लिहायचं राहिलं होतं. ते लिहिलं, तर ‘नम’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह! कंटेंट-लेंग्थ (उत्तर किती बाइटचं ते सांगणारा हेडर) मी हौसेने स्वतः भरली होती, स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची लेंग्थ घेऊन: ७ चिन्हं. पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना आणि हलन्तसुद्धा) ३ बाइट खातं, म्हणजे २१. ब्राउझरने ७ बाइट घेतले आणि दुकान बंद केलं. बाइट मोजायला नोडच्या ‘बफर’चं ‘बाइटलेंग्थ’ वापरा, नाहीतर तो हेडर लिहूच नका. नोड बघून घेतो.

पोर्ट वापरात आहे अशी एरर आली, तर बहुतेक वेळा आपलाच जुना सर्व्हर दुसऱ्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) चालू असतो. तिथे जाऊन कंट्रोल-सी दाबा, तो बंद होतो.