‘शेठ, काय करू?’ हा फोन कमी करायचा असेल तर काम सोपवायचं कसं

मागच्या नवरात्रात गरब्याच्या मैदानात उभा होतो. ढोल टिपेला पोचलेला आणि खिशात फोन थरथरतोय. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडवरून. “शेठ, गाडी भरून उभी आहे. ई-वे बिलाचा ओटीपी तुमच्या फोनवर आलाय, सांगा ना!” एका कानावर हात दाबून सहा आकडे ओरडून सांगितले. दोनदा, कारण गोंगाटात ‘सात’चं ‘साठ’ झालं. बायको म्हणाली, “तुम्ही घरीच बसा आता, फोन घेऊन.”

पंधरा माणसांचं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी कामाचं, युनिट आहे आमचं. माणसं चांगली आहेत. तरी पान माझ्याशिवाय हलत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडा मानही वाटायचा. त्या रात्री तो उतरला.

आधी पंधरा दिवस फक्त लिहा

लगेच कोणाला काही सोपवू नका. खिशात छोटी वही ठेवा आणि ‘शेठ, काय करू?’ म्हणून आलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह उतरवा. माझी वही भरली तेव्हा कळलं, की बरेचसे प्रश्न मला विचारायचं एकच कारण होतं : चावी, सही नाहीतर ओटीपी माझ्याकडे. उरलेल्यांतल्या बहुतेकांचं उत्तर माझ्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. खरोखर मीच ठरवायला हवं असं फार थोडं निघालं.

चाव्या वाटा

हे सगळ्यात सोपं, म्हणून इथूनच सुरुवात करा. ई-वे बिल म्हणजे गाडीतून माल पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद. त्याच्या पोर्टलवर सब-युजर, म्हणजे तुमच्या हाताखालच्या माणसाचं वेगळं लॉगिन, बनवता येतो आणि त्याला काय करता यावं तेही ठरवता येतं. त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. बँकेच्या बिझनेस खात्यात मेकर-चेकरची सोय असते. पेमेंटची एंट्री अकाउंटवाली करते, तुम्ही चहा पिता पिता मंजुरी देता. जीएसटीची रिटर्नं तिच्याकडे द्या, पण दर महिन्याला भरत असाल तर ११ आणि २० या तारखा स्वतःच्या कॅलेंडरवरही ठेवा. दंडाची नोटीस धंद्याच्या नावानं येते, तिच्या नावानं नाही.

आता डोक्यातलं बाहेर काढा

इथे मी तोंडावर आपटलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहेज गावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ८० एनबी मापाच्या फ्लॅंजची, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं असलेल्या चकत्यांची, ऑर्डर होती. मी घाईत होतो. फोरमनना म्हटलं, “भाई, मागच्यासारखेच करा.” मागच्या वेळी १५० क्लासचे गेले होते (क्लास म्हणजे फ्लॅंज किती दाब सोसतो त्याची श्रेणी). या वेळी गिऱ्हाइकानं ३०० क्लास मागितला होता, पण तो निरोप माझ्या व्हॉट्सॲपवर. ८० एनबीच्या १५० क्लासला बोल्टची भोकं चार, ३०० ला आठ, जाडीही वेगळी. सगळा लॉट परत आला. मी शेडमध्ये सगळ्यांसमोर भाईंना बोललो. ते काही म्हणाले नाहीत. आत गेले, त्या ऑर्डरचं जॉब कार्ड (कामाच्या सूचनांचा कागद) आणलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : मागच्याप्रमाणे.

माफी सगळ्यांसमोर मागावी लागली. बोललो सगळ्यांसमोर होतो ना.

तेव्हापासून ‘मागच्याप्रमाणे’ हा शब्द आमच्याकडे बंद आहे. कार्डावर ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन, मटेरियलचा ग्रेड, क्लास, नग, तारीख. खाली एक ओळ : ‘या गोष्टी विचारूनच करायच्या’. आणि काम दिल्यावर “समजलं ना?” असं विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. समोरच्याला म्हणतो, “मला परत सांगा.” ते सांगताना कुठे अडखळतात, तिथे माझं सांगणं अपुरं असतं.

अधिकार रुपयांत सांगा

‘तुम्ही बघा’ म्हणजे अधिकार देणं नव्हे. माणूस घाबरतो आणि पुन्हा फोन करतो. आमच्याकडे पाच हजारांपर्यंतची खरेदी भाईंनी विचारायची नाही. वीस हजारांपर्यंत घ्यायची आणि संध्याकाळी सांगायचं. त्यावर आधी विचारायचं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते लिहून भिंतीवर लावा. नाहीतर महिनाभरात तुम्हीच विसराल आणि दोन हजारांच्या वेल्डिंग रॉडवरून कटकट कराल.

पहिल्याच आठवड्यात भाईंनी ड्रिल बिट महागाच्या दुकानातून आणले. तीनेकशे रुपये जास्त गेले असतील. मी मिठाची गुळणी धरून बसलो. मर्यादेतली चूक खपवून घेता येत नसेल, तर ती मर्यादा नुसती भिंतीवरच राहते.

एका कोपऱ्यापासून

सगळं एकदम सोपवायची हौस येते. आवरा. बडोद्यात स्टेशनकडे जाताना काळ्या घोड्यावर सयाजीराव महाराजांचा पुतळा दिसतो ना? सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेलीच्या एका तालुक्यात करून पाहिलं. साऱ्या बडोदा संस्थानात ते १९०६ मध्ये लागू झालं. मध्ये तेरा वर्षं! आपल्याला तेरा आठवडे तरी द्यायला काय हरकत आहे? मी आधी फक्त डिस्पॅच, म्हणजे माल पाठवायचं काम, सोपवलं. ते बसल्यावर खरेदी.

आणि मग पाठीवरून उडी मारू नका

काम फोरमनला दिलं, तरी वेल्डर सवयीनं तुमच्याकडेच येणार. तुम्ही उत्तर दिलंत की फोरमनची किंमत गेली. माझं ठरलेलं वाक्य आहे, “भाईंना विचारलं का?” खुद्द भाई आले, तर “तुम्ही काय करणार होता?” बहुतेक वेळा त्यांचं उत्तर बरोबर असतं, त्यांना फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं असतं. हिशोबासाठी आठवड्यातून एक वेळ ठरवा, आमची शनिवारी चारची. रोज डोकावायचं असेल, तर सोपवलं कशाला?

पगारवाढ, उधारीची मुदत वाढवणं, कोणाला कामावरून काढणं हे माझ्याकडेच ठेवलंय. माल उशिरा जाणार असेल तर गिऱ्हाइकाला फोनही मीच करतो. शिव्या खायला माणूस पुढे करणं म्हणजे सोपवणं नव्हे.

कोटेशन मात्र अजून मीच काढतो. प्लेटचा भाव, वेस्टेज किती धरायचं, कोणतं गिऱ्हाईक घासाघीस करणार, हे कुठे लिहिलेलंच नाही. अकाउंटवाली दोनदा म्हणाली, “शेठ, मला शिकवा ना.” वहीत वर ‘कोटेशन’ एवढं लिहिलंय. खाली पान कोरं आहे.