कोयत्याचे रील दिसले तर
हातात कोयता नाचवणारे रील आपल्याच वस्तीतील, समजा हडपसरच्या एखाद्या गल्लीतील, मुलाचे निघाले, तर ते ग्रुपवर पुढे पाठवू नये. अशा पोरांना तीच तर प्रसिद्धी हवी असते. लिंक, खात्याचे नाव आणि तारीख-वेळ टिपून घ्यावी व मूळ फाईल तशीच जपावी, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार न्यायालयात पुरावा म्हणून द्यायच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि नुसता स्क्रीनशॉट तेथे लंगडा पडतो. धोका समोर असेल तर ११२ वर फोन करावा, एरवी पोलीस ठाणे गाठावे. ‘सिनेमात पाहून केले’ ही सबब गुन्ह्यातून सोडवत नाही. मात्र मुलगा १८ वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि उत्साही शेजाऱ्यांनी त्याचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध केल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ खाली तेच अडकतात.