जुन्या घराच्या माळ्यावर इन्सुलेशन घालताना: आधी फटी, मग ग्लासवूल

ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) अंथरण्याआधी फटी बुजवा. घरातली उबदार, दमट हवा पाइप, वायरी आणि भिंतींच्या माथ्यावरच्या फटींतून माळ्यावर चढते. ग्लासवूल तिला अडवत नाही. ती वर थंड लाकडाला लागली की पाणी सुटतं, आणि काही हिवाळ्यांत वासे कुजतात. लहान फटींना सीलंट, मोठ्यांना फोम पुरतो. धुराड्याभोवती मात्र फोम अजिबात नको. तिथे पत्रा आणि आगरोधक सीलंट लावा, आणि लाकूड किंवा जळणारं काहीही किमान 50 मिमी दूर ठेवा.

पहिला थर तुळयांमध्ये, त्यांच्या उंचीइतका. दुसरा त्यावर आडवा, म्हणजे तुळयांच्या माथ्यावरून उष्णता निसटत नाही. थंड प्रदेशात एकूण जाडी 250 ते 300 मिमी हवी. दाबून कोंबू नका, आतली अडकलेली हवाच उष्णता रोखते. छपराच्या कडेची हवेची वाट उघडी ठेवा. छप्पर आणि ग्लासवूल यांत 50 मिमी मोकळी जागा पुरे.

कापडी किंवा तडकलेल्या आवरणाच्या जुन्या वायरी झाकू नका, त्या तापतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. जुन्या थरात चमकदार, खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट दिसलं तर हातही लावू नका: त्यात फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासणी करून घ्या.

पाय फक्त तुळयांवर किंवा त्यांवर टाकलेल्या फळीवर. मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. माळ्याच्या झाकणालाही वरून जाड फोमशीट आणि कडेला रबरी पट्टी लावा, हे हमखास राहून जातं.