टास्मान हिमनदीचं सरोवर वरून पाहायचं तर

न्यूझीलंडच्या औराकी माउंट कुक राष्ट्रीय उद्यानातली ही छोटी चढण जाऊन-येऊन सुमारे 40 मिनिटांची. प्रवेश फी नाही. तरी दीड तास हाताशी ठेवा, कारण वर पोचल्यावर समोरचं दृश्य समजून घ्यायलाच वेळ लागतो.

आधी माउंट कुक गावातल्या व्हिजिटर सेंटरमध्ये हवामान विचारा. वायव्येचा वारा सुटला की मुख्य डोंगररांगेपलीकडचा पाऊस इकडे येतो आणि वरच्या उघड्या धारेवर उभं राहणंही कठीण होतं. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा (डिसेंबर ते फेब्रुवारी) वारा अडवणारं जॅकेट सोबत हवंच. शिवाय पकड असलेले बूट, माणशी अर्धा लिटर पाणी आणि सनस्क्रीन घ्या. इथलं ऊन थंड हवेतही त्वचा भाजतं. जून ते ऑगस्टमध्ये पायऱ्यांवर बर्फ धरतो, तेव्हा सकाळी लवकर जाऊ नका.

हायवे 80 वरून येताना गावाच्या अलीकडे उजवीकडे टास्मान व्हॅली रोड फुटतो. साधारण 8 किलोमीटरवर रस्ता संपतो, तिथेच ब्लू लेक्सचं पार्किंग आणि स्वच्छतागृह आहे.

पार्किंगपासून चढ लगेच सुरू होतो. तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. इथे चूक होते ती पहिल्या टप्प्यात झपाझप चढण्याची: अर्ध्यावर दम लागतो आणि गुडघे उतरताना कुरकुरतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा.

वाटेत एक फाटा ब्लू लेक्सकडे जातो. नाव निळं, पाणी हिरवं! पूर्वी हिमनदीचं वितळलेलं पाणी या तळ्यांत झिरपत असे. हिमनदी आक्रसली, तो झरा बंद झाला आणि आता तळी पावसाच्या पाण्यावर भरतात. शेवाळामुळे ती हिरवी दिसतात.

वर पोचलात की तुम्ही मोरेनच्या भिंतीवर असता, म्हणजे हिमनदीनेच आणून रचलेल्या दगडमातीच्या ढिगावर. कधीकाळी बर्फ जवळपास या उंचीपर्यंत होता. आता खाली करडं पाणी आहे. 1970च्या सुमारास तिथे सरोवर नव्हतं, फक्त बर्फावर साचलेली डबकी होती. आज त्याची खोली 200 मीटरहून जास्त आहे. काठाजवळ मात्र जाऊ नका. ही माती सैल आहे, पायाखालून सुटते.

बर्फ कुठे आहे, असा प्रश्न इथे बहुतेकांना पडतो. सरोवराच्या दूरच्या टोकाला पाहा. दगडगोट्यांचा उतार वाटतो तीच हिमनदी, खालचा भाग दगडांच्या थराखाली झाकलेला. पाण्याला टेकणारा तिचा कडा तेवढा निळसर चमकतो. तिथून तुटलेले हिमनग पाण्यावर तरंगतात. 22 फेब्रुवारी 2011च्या ख्राइस्टचर्च भूकंपाच्या हादऱ्याने सुमारे 3 कोटी टन बर्फ एकदम कोसळला होता. फोटोसाठी दुपारनंतरची वेळ उत्तम. सकाळी सूर्य समोरच्या बाजूला असतो.

पाणी करडं का, तर हिमनदी खडक दळते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. हेच पाणी टास्मान नदीतून पुकाकी सरोवरात जातं. तिथे जाड कण तळाला बसतात, बारीक उरतात आणि पाणी फिरोजी दिसतं. परतीचा रस्ता पुकाकीच्या काठानेच जातो, गाडी थांबवून रंगातला फरक पाहा.