इराणी पदार्थ पहिल्यांदा करताय? मग या चुका टाळा

इराणी जेवण घरी करून बघायचंय असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, हाताशी वेळ किती आहे? ‘तासाभरात उरकायला हवं’ असं उत्तर आलं की मिर्झा घासेमीची कृती सांगून मोकळी होते. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातलं हे वांग्याचं भरीतच. वांगी विस्तवावर भाजायची, भरपूर लसूण, हळद आणि टोमॅटो परतून त्यात ती घोटायची, शेवटी अंडी फोडून घालायची. ज्याला भरीत जमतं त्याला हे जमतंच. पण बहुतेकांना श्रीगणेशाच घोर्मे सब्जी, म्हणजे हिरव्या पानांची मटण घातलेली रस्साभाजी, आणि तहदीगच्या भाताने करायचा असतो, कारण रीलमध्ये तेच दिसतं. मग भात करपतो, भाजी कडू होते आणि वर मलाच ऐकावं लागतं, ‘इराणी जेवण फिकंच असतं बाई.’

आधी एक घोळ मिटवू. धनसाक, साली बोटी, पात्रानी मच्छी हे पारशी पदार्थ. पारशी गुजरातेत येऊन शतकं लोटली, त्यांचं स्वयंपाकघर इथलंच झालं. कॅफेवाले इराणी त्यांच्या खूप नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या याझ्द-केरमानकडून आलेले. पण बन मस्का आणि दुधाचा चहा ही त्यांची मुंबई-पुण्यातली कमाई. इराणात चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ सालच्या ब्रिटानियात मिळणाऱ्या बेरी पुलावातली झेरेश्क ही आंबट सुकी बेरी अस्सल इराणी, मसाला मात्र मुंबईचा. मला तो पुलाव मनापासून आवडतो. पण तीच चव डोक्यात ठेवून झेरेश्क पोलो करायला गेलात तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं होईल. त्यात केशर, लोणी, आंबट झेरेश्क आणि बाजूला कोंबडी एवढंच असतं.

घोर्मे सब्जीत मेथीची अख्खी जुडी

ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे इथे जरा वेळ जाईल.

आमच्या सोसायटीत एका हौशी ताईंनी नवरोझच्या सुमारास इराणी बेत ठरवला. घोर्मे सब्जीत मेथी असते एवढं त्यांनी वाचलं होतं, म्हणून मेथीची अख्खी जुडी. पार्सली मिळाली नाही म्हणून पालक. ‘थोडी चव यायला नको का’ म्हणून आलं-लसूण आणि चार हिरव्या मिरच्या. सगळं मटणासकट कुकरमध्ये, वर सुकी लिंबं फोडून बियांसकट टाकलेली, आणि पाच शिट्ट्या. झाकण उघडलं तेव्हा आत हिरवट पिवळ्या पाण्यात पानं एकीकडे आणि मटण दुसरीकडे. चव इतकी कडू की मुलांनी घास काढून ताटाच्या कडेला ठेवला. वरच्या मजल्यावर राहणारी, शिराझहून शिकायला आलेली एक मुलगी जेवायला होती. तिने दोन चमचे खाल्ले, ‘दस्ते शोमा दर्द नकोने’ म्हणजे तुमचे हात न दुखोत, असं तिकडच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली आणि भात-दह्याकडे वळली. ताई खूश. अजूनही त्या ‘तिला फार आवडली होती’ असं सांगतात.

आता चुकलं काय ते बघा. या भाजीत पार्सली आणि कोथिंबीर मुख्य. इराणात त्यांच्या जोडीला तरे नावाची लसणीच्या पातीसारखी भाजी पडते, आपल्याकडे कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. मेथी फक्त वासापुरती. चार माणसांच्या भाजीला मूठभर पानं, नाहीतर एक मोठा चमचा कसुरी मेथी. त्याहून जास्त घातलीत की ते मेथी-मटण झालं. खुशाल खा, पण त्याला घोर्मे सब्जी म्हणू नका.

दुसरी गोष्ट परतण्याची, आणि अधीर मंडळी नेमकी इथेच घसरतात. मी पानं आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरून ठेवते. ओली पानं तेलात पडली की शिजतात, परतली जात नाहीत. सुरीनेच बारीक चिरायची. मिक्सरमधून काढलीत तर चटणी होईल. मग सढळ हाताने तेल घेऊन मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परतत राहायचं. पहिल्या पाच मिनिटांत पानं बसतात आणि माणसाला वाटतं, झालं. तेव्हा कुठे सुरुवात झालेली असते. कोथिंबिरीचा पोपटी रंग जाऊन गडद, जवळजवळ काळपट हिरवा यायला हवा, कच्च्या पानांचा वास पार जायला हवा. मेथी अगदी शेवटच्या दोन मिनिटांत टाकायची, तीही करपली तर कडूच होते.

कांदा, हळद आणि मटण दुसऱ्या भांड्यात परतून, भिजवलेला राजमा घालून दीड तास मंद शिजवा, मग परतलेली पानं त्यात जातील. सुकी लिंबं, म्हणजे लिमू ओमानी, अख्खी ठेवून काट्याने दोन-तीनदा टोचायची आणि शेवटच्या पाऊण तासात सोडायची. फोडली की बियांचा कडवटपणा सगळ्या रश्श्यात उतरतो. पानं आणि रस्सा एकजीव होऊन वर तेल दिसू लागलं की भाजी तयार.

मटण आणि राजमा कुकरमध्ये शिजवलेत तर मी काही बोलणार नाही. पानांना शिट्टी दाखवू नका. दुबई-मस्कतकडे राहणाऱ्यांना इराणी दुकानांत परतून गोठवलेली सब्जी मिळते, ती बिनधास्त वापरा. इराणी घरांतही वापरतात. शॉर्टकटला माझा विरोध नाही. चव कुठून येते ते न बघता नेमकी तीच पायरी गाळण्याला आहे.

झाकण उघडून बघण्याचा रोग

तहदीग म्हणजे भाताच्या तळाचा सोनेरी, कुरकुरीत थर. इराणी पंगतीत त्यावरून गोड भांडणं होतात. रीलमध्ये भांडं उपडं केलं की केकसारखा सुटून येतो, तेवढे दहा सेकंद पाहून लोक तांदूळ धुवायला घेतात.

तांदूळ कुठला, याचं फार मनावर घेऊ नका. गिलान-माझंदरानचा तांदूळ आपल्याला मिळणार नाही, पण इराण स्वतःच भारतातून भरपूर बासमती विकत घेतं. जुना, लांब दाण्याचा बासमती आणा. मिठाच्या पाण्यात दोन तास तरी भिजवा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याचं आधण ठेवा, त्यात दोन मोठे चमचे मीठ. एवढं मीठ बघून हात थरथरतो, पण बहुतेक पाण्याबरोबर निघून जातं. पाणी खळखळलं की तांदूळ वैरायचा आणि पाचव्या मिनिटापासून शीत दाबून बघायचं. बाहेरून मऊ आणि मध्ये अजून कणी, असं झालं की त्या क्षणी वेळून घ्या. फोन वाजला तर वाजू दे. कोकणातल्या माणसाला भात वेळणं शिकवायला नको. बाकीच्यांची कुकरची सवय आड येते, ते शीत पूर्ण शिजेपर्यंत थांबतात आणि पुढे दमात त्याचा गिचका होतो.

मग जाड बुडाच्या भांड्यात चार चमचे तेल, दोन चमचे पाणी आणि थोडं केशराचं पाणी. नवशिक्यांनी तळाला बटाट्याच्या जाड चकत्या लावाव्यात. त्याही तहदीगच, आणि नुसत्या भाताच्या थरापेक्षा कितीतरी कमी दगा देतात. नॉनस्टिक वापरायला लाजू नका. वेळलेला भात वर डोंगरासारखा रचायचा, दाबायचा नाही. उलथन्याच्या दांड्याने चार-पाच भोकं पाडायची. झाकणाला जाड फडकं गुंडाळून टोकं वर घट्ट बांधायची, खाली लोंबली तर गॅसवर पेटतील. आधी पाच-सात मिनिटं मध्यम-मोठी आच, मग अगदी मंद, पाऊण तास ते एक तास.

आणि झाकणाला हात लावायचा नाही! माझा एक भाचा दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघत होता. ‘मावशी, काहीच होत नाहीये.’ कसं होणार? वाफच ठरत नव्हती. मग त्याने आच वाढवली, पुन्हा उघडलं, वाटीभर पाणी शिंपडलं आणि अर्ध्या तासात भांडं उपडं केलं. वरचा भात लगदा होऊन ताटात पसरला, तळ काळाठिक्कर होऊन भांड्यालाच राहिला. दोष अर्थातच भांड्याला. दुसऱ्या दिवशी नवीन भांड्याची ऑर्डर गेली.

बघायचंच असेल तर ओलं बोट भांड्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. चुर्र आवाज आला की आत वाफ धरली, आता आच कमी करा. ही इराणी आज्ज्यांची जुनी रीत आहे आणि मला घड्याळापेक्षा तिचा भरवसा वाटतो. भात झाला की भांड्याचा तळ दोन मिनिटं गार पाण्यात ठेवा, तहदीग सुटायला मदत होते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

केशराच्या काड्या भातावर भुरभुरू नका, पैसे वाया. चिमूटभर साखरेबरोबर खलात पूड करा, दोन-तीन चमचे गरम पाणी घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. जगातलं बहुतांश केशर इराणात, मुख्यतः खोरासानात पिकतं, त्यामुळे ते कसं वापरायचं हे त्यांच्याकडूनच शिकावं. आणि फार स्वस्त मिळालं तर त्या करडईच्या पाकळ्या असणार.

झेरेश्क निवडून धुवा, तिच्यात बारीक खडे असतात. लोण्यात, चिमूटभर साखरेबरोबर मिनिटभरच परता. काळी पडली की कडू.

कुबिदे, म्हणजे खिम्याचा कबाब, सळईवरून गळून पडतो म्हणून त्यात बेसन किंवा अंडं घालणारे लोक आहेत. कांदा किसून त्याचं पाणी पिळून काढा, खिमा हाताला चिकटेपर्यंत मळा, तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सळई चपटी, रुंद घ्या. गोल सळईवर तो फिरतो आणि पडतो.

आश रेश्ते या शेवयांच्या घट्ट सूपमध्ये शेवया पडेपर्यंत मीठ घालू नका. रेश्ते, म्हणजे या शेवया, मुळातच खारट असतात, वर घालायचं कश्क, म्हणजे आटवलेलं आंबट दही, तेही खारट.

दीझी, म्हणजे मटण-हरभऱ्यांचा रस्सा, एकदम वाटीत ओतून कालवू नका. आधी रस्सा वेगळा काढून त्यात पावाचे तुकडे कुस्करून खायचे. मागे राहिलेलं मटण, हरभरे, बटाटा दांड्याने घोटून मग कच्चा कांदा आणि लोणच्याबरोबर खायचं.

फेसेंजान या अक्रोड-डाळिंबाच्या रश्श्यात डाळिंबाचा घट्ट रस, रोब-ए-अनार लागतो. चिंच, आमचूर किंवा सरबताची बाटली चालणार नाही. तो मिळत नसेल तर साधा बिनसाखरेचा डाळिंबाचा रस एक लिटर घेऊन कपभर होईस्तोवर आटवा. अक्रोडाची पूड पाण्यात मंद आचेवर रटरटत ठेवायची आणि अधूनमधून बर्फाचा खडा टाकायचा, म्हणजे अक्रोडाचं तेल वर येतं. दोन तास लागतात. तेल न सुटता उतरवलंत तर चव कच्च्या पिठाची. शेवटी साखर किती, यावर इराण्यांचंच एकमत नाही, गिलानवाले आंबट करतात, तेहरानवाले गोडाकडे झुकतात. मी आंबट करते. रंग तपकिरी, जवळजवळ काळा होतो आणि पाहुणे शंकेने बघतात, म्हणून वर चार डाळिंबाचे दाणे टाकून वाढते.