पुरवठादाराची थकबाकी: लढायचं की मिटवायचं?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने तुमच्या कंपनीवर थकबाकीचा दावा केला, तर आधी व्याज मोजा. 2006च्या एमएसएमई कायद्याने पैसे देण्याची मुदत संपली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज चढतं. ऑर्डरवर 60 दिवस लिहिले असले तरी कायदा 45च धरतो. लेखी करारच नसेल तर 15. बँक रेट 6 टक्के धरला, तर 10 लाखांचे 3 वर्षांत सुमारे 17 लाख होतात. हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही.

मग कंपनीच्या स्टोअरमध्ये जाऊन मालाचे कागद पाहा. ‘माल खराब होता’ हा बचाव तेव्हाच खरा जोर धरतो, जेव्हा डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत गेलेली असते. चलन, आवक नोंद, रिजेक्शन नोट, ईमेल या सगळ्यांच्या तारखा जुळवा. फोनवरच्या तक्रारीवर लाखो रुपये पणाला लावू नका. कागद नसेल तर फॅसिलिटेशन कौन्सिलमध्ये (अशा थकबाकीचे वाद ऐकणारी राज्य सरकारची परिषद) समेटाच्या टप्प्यावरच मिटवा. निवाडा विरोधात गेल्यावर कोर्टात आव्हान द्यायला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

बोलणीच्या प्रत्येक पत्रावर ‘हक्क अबाधित ठेवून’ लिहा, म्हणजे देऊ केलेला आकडा कबुली म्हणून वापरणं अवघड जातं. सही करणाऱ्याकडे बोर्डाचा ठराव हवाच. तडजोडीत मुद्दल, व्याज, टीडीएस, हप्त्यांच्या तारखा वेगवेगळ्या लिहा. चेक बाऊन्सची केस चालू असेल, तर ती कोण, कधी मागे घेणार हेही त्यातच आलं पाहिजे.